ताई, तुमच्यामुळं आमचं उसाचं रोगट बेणं गावभर जायचं थांबलं

नमस्कार ताई,

हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण आपल्या शिरोळ भागात अजून कितीतरी जण उसाचा पांढरट पडलेला खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यातनं फुटलेला ऊस) बघून केवडा, म्हणजे लोह कमी पडलंय, असं समजून फेरस (लोहाचं खत) मारत बसलेत, आम्हीपण तेच केलं. दोन फवारण्या झाल्या तरी पानं हिरवी होईनात, उलट बुडातनं गवतासारखे बारीक फुटवे येत गेले, आणि त्याच प्लॉटचं बेणं द्यायचा शब्द आबांनी तिघांना दिलेला.

तुम्ही कोल्हापुरातनं स्वतः बांधावर आलात. रोगट पानाच्या शिरेचे ब्लेडनं मिलिमीटरभर तुकडे करून लगेच औषधाच्या बाटलीत टाकलेत, आणि शेजारच्या चांगल्या उसाचेपण घेतलेत. तेव्हा मला कळलं नव्हतं चांगल्याचे कशाला.

नंतर लॅबमध्ये बोलावून हिऱ्याच्या सुरीनं काप काढताना दाखवलंत, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ, पाण्यावर तरंगताना चंदेरी दिसत होता! मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर अन्नरस वाहणाऱ्या नळ्या, त्यात गोल, लांबट, वेडेवाकडे ठिपके दाटीनं भरलेले, आणि चांगल्या उसाच्या नळ्या एकदम मोकळ्या. आबा बराच वेळ नुसतं बघत राहिले. ते ठिपके म्हणजे फायटोप्लाझ्मा, पेशीभित्तिका नसलेला जिवाणू, तो साध्या जिवाणूंसारखा लॅबमध्ये वाढवून बघता येत नाही, १९६७ ला जपानमध्ये तुतीच्या झाडात असाच सापडेपर्यंत असल्या रोगांना व्हायरसच समजायचे, हे तुम्ही आबांना समजेल असं सांगितलंत, घाई केली नाहीत. नेमका कुठला फायटोप्लाझ्मा ते फोटोवरनं कळत नाही, त्याला पीसीआर (डीएनएवरनं ओळख पटवायची चाचणी) लागतं, हेपण स्पष्ट बोललात, त्यामुळं विश्वास अजून वाढला.

त्याच संध्याकाळी आबांनी तिघांना फोन करून बेणं देत नाही म्हणून सांगितलं, एकजण रागावलापण. रोगट बेटं मुळासकट काढली, खोडवा मोडला. मी महिनाभर हेच सांगत होतो, पण डोळ्यानं बघितल्याशिवाय ते ऐकले नसते.

आता ५४ अंशाला अडीच तास बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया केलेलं बेणं मिळालंय, पुढच्या महिन्यात लावण आहे. पहिली कांडी तुमच्या हातनं लागावी असं आबांचं म्हणणं आहे, तेवढा एक रविवार काढाच ताई.