जुनी सफारी घरी दुरुस्त करतो, पण जळालेलं ऑइल द्यायचं कुणाला?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, पंधरा वर्षांच्या वरच्या मोठ्या डिझेल गाड्या सरळ भंगारात काढाव्यात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या खोलून बसणाऱ्यांना दंड लावावा असं त्यात होतं. ते वाचून दोन दिवस डोक्यात तेच चालू होतं, कारण पार्किंगमध्ये गाडी खोलून बसणारा माणूस मीच आहे, आणि पिंपरी-चिंचवडात माझ्यासारखे रविवारी सकाळी पाने-हातोडी घेऊन खाली उतरणारे बरेच आहेत. त्यांची एक तक्रार मला शंभर टक्के पटली, त्याबद्दल पुढे लिहितोच, पण बाकीचं त्यांनी आमची बाजू न विचारताच लिहिलंय म्हणून हे पत्र.

माझ्याकडे टाटा सफारी आहे, २.२ लिटरच्या डायकोर डिझेल इंजिनची, २००८ ची. वडिलांनी दसऱ्याला घेतली होती, ते भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये कामाला होते आणि आपल्याच गावात बनलेली गाडी दारात उभी आहे याचं त्यांना फार कौतुक होतं. टाटाच्या सुमो गाडीचं नाव टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, सुमंत मुळगावकरांच्या नावातली आणि आडनावातली इंग्रजी स्पेलिंगची पहिली अक्षरं घेऊन ठेवलं हे मला लहानपणी त्यांनीच सांगितलेलं, तेव्हापासून पुण्याच्या या गाड्यांबद्दल घरात एक वेगळीच माया आहे. सफारीचं ते जुनं मॉडेल पुढे स्टॉर्म होऊन २०१९ ला बंद झालं, २०२१ ला त्याच नावाने जी आली ती पूर्ण वेगळी गाडी. वडील गेले, गाडी राहिली, आणि गाडीबरोबर त्यांची एक लाल पुठ्ठ्याची डायरी राहिली ज्यात पहिल्या ऑइल बदलीपासून सगळं लिहिलेलं आहे, तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठून आणलं, किती पैसे. आज गाडी २ लाख ७० हजारावर आहे आणि त्या डायरीत आता माझं अक्षर आहे.

लोकांना वाटतं आम्ही पैसे वाचवायला हे करतो. वाचतात की, खोटं कशाला बोलू. आज सात जणांची मोठी गाडी नवीन घ्यायची म्हटली तर बरेच लाख लागतात, ते मला झेपणारं नाही आणि गावाकडे आई, काका-काकू, पोरं, सामान सगळं एका गाडीत न्यायचं तर लहान गाडी पुरत नाही. पण नुसता पैशाचा विषय असता तर मी कधीच विकून मोकळा झालो असतो. मुख्य गोष्ट अशी की जुन्या मोठ्या गाडीला लक्ष द्यावं लागतं आणि ते लक्ष तिच्या मालकाइतकं दुसरं कुणी देत नाही, वर्कशॉपला दिवसाला वीस गाड्या बाहेर काढायच्या असतात, त्यांची चूक आहे असंही नाही, त्यांना वेळच नसतो.

एक प्रसंग सांगतो. मागच्या वर्षी ताम्हिणी घाट उतरून आल्यावर पुढून खडखड यायला लागली, खड्ड्यात चाक गेलं की टक असा आवाज आणि स्टेअरिंगला हलकासा झटका. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली, तिथे गाडी वर न उचलताच एस्टिमेट हातात दिलं, दोन्ही लोअर आर्म, चारही शॉकअॅब्सॉर्बर, सगळे बुश, मिळून अठ्ठेचाळीस हजार. घरी आणली. रविवारी मुलीला ड्रायव्हर सीटवर बसवलं, इंजिन बंद, चाकं जमिनीवरच, आणि तिला सांगितलं की स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे नुसतं दोन बोटं हलव. मी खाली सरकलो, सफारीखाली जागा चांगली आठेक इंच आहे त्यामुळे हाडकुळा माणूस गाडी न उचलताही आत जातो, आणि एकेका जॉइंटवर हात ठेवत गेलो. डावा टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, काही नाही. उजव्यावर हात ठेवला आणि मुलीने स्टेअरिंग हलवलं तसा बोटांना ठक्क असा ठोका लागला, रबराचा बूट फाटलेला, आत ग्रीसच्या जागी लाल माती. डोळ्याला काही दिसत नाही हो त्यात, हाताला कळतं. मुलीला खाली बोलवून तिचाही हात ठेवायला लावला आणि मी वरून स्टेअरिंग हलवलं, तीही म्हणाली बाबा हे आतून ढिलं आहे.

पुण्यात गाड्यांचे सुटे भाग मिळतात त्या नाना पेठेतून टाय रॉड एंड आणला, दोन्ही बाजूचे आणले कारण एक गेला की दुसरा फार दिवस टिकत नाही. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारलं, ओरिजिनल देऊ का लोकल, तर स्टेअरिंग आणि ब्रेकच्या बाबतीत मी लोकल कधीच घेत नाही, डोअर हँडल-बीडिंग असलं काही असेल तर चालतं. मग काम म्हणजे नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढायची, नट सैल करायचा पण पूर्ण काढायचा नाही, आणि ज्या भोकात त्याचा निमुळता दांडा (टेपर) बसलेला असतो त्या डोळ्याला बाजूने हातोडीचे दोन-तीन टोले द्यायचे, वरून नाही, वरून मारलं तर आटे खराब होतात. सुटला की जुना काढताना किती फेऱ्यात निघतो ते मोजायचं, माझा साडेबावीस फेऱ्यात निघाला, नवीन तेवढ्याच फेऱ्या आत घालायचा म्हणजे अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत गाडी सरळ चालते. नवीन स्प्लिट पिन, जुनी परत वापरायची नाही. दोन्ही बाजू मिळून तीन तास गेले, अलाइनमेंट धरून अडीच हजारात काम झालं आणि आवाज त्या दिवसापासून बंद आहे. नटला किती टॉर्क द्यायचा, म्हणजे तो किती जोराने आवळायचा, हा आकडा मात्र गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात नसतो, तो एका ओळखीच्या मेकॅनिककडून घ्यावा लागला. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी, जी चार क्षेत्रं घेतली त्यात वाहनं पण आहेत, तर निदान असले सेफ्टीचे आकडे तरी सगळ्याच कंपन्यांनी मालकांसाठी खुले करावेत असं मला मनापासून वाटतं.

आता पत्रलेखकांचा दुसरा मुद्दा, की घरी काम करणं धोक्याचं असतं. असतं, नक्कीच असतं, गाडी जवळजवळ दोन टनाची आहे. म्हणूनच सांगतो, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नये, जॅक स्टँड लागतातच, मागच्या चाकांना ठोकळे लागतात, आणि सिमेंटचे ब्लॉक कोणी लावत असेल तर ते आजच फेकून द्या, ते वजनाखाली एका झटक्यात फुटतात. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजिनाला डिझेल पोचवणाऱ्या, पाइपाला तर मी पाना लावतच नाही, चालू इंजिनात तिथे प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, सुईएवढं भोक पडलं तरी डिझेलची धार कातडीतून आत जाते, ते काम पंप-नोझलवाल्यांचं. क्लच प्लेट बाहेर, इंजिन खोलायचं ते बाहेर, वेल्डिंग बाहेर. ऑइल, सगळे फिल्टर, डिझेल फिल्टरखाली साठलेलं पाणी काढणं, ब्रेक पॅड, कूलंट, होज पाइप आणि क्लिपा, बेल्ट, बॅटरी, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, पावसाळ्याआधी दरवाजांच्या खालच्या पत्र्याची भोकं मोकळी करणं कारण तिथेच पाणी साचून गंज धरतो, आणि मागचा दरवाजा जो स्पेअर व्हीलच्या वजनाने खाली बसतो त्याची बिजागरी वेळेवर बघणं, एवढं घरी.

आणि धूर. त्यांनी लिहिलंय जुन्या गाड्या काळा धूर सोडतात. ज्यांची निगा नाही त्या सोडतात, नव्यासुद्धा सोडतात. बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाच्या, डिझेल गाडीला पीयूसीमध्ये धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धूर मोजायचं एकक) आहे, माझी मागच्या वेळी ३८ आली आणि आम्हाला पीयूसी दर सहा महिन्यांनी करावी लागते, वर्षाने नाही. नवीन बीएस-६ गाडीच्या मानाने ही जास्तच आहे, ते मी नाकारत नाही, पण माझी गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालते. २०२३ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन पास करून घेतली, नोंदणी नूतनीकरणाची जी फी आधी ६०० होती ती १ एप्रिल २०२२ पासून ५००० झालेली, ती भरली, पर्यावरण कर भरला. २०२८ ला वीस वर्षं होतील, तेव्हा नवीन नियमाने १०,००० भरावे लागतील, तेही भरीन. कायदा आम्हाला गाडी ठेवायची परवानगी देतो, तपासणी करून देतो आणि पैसे घेऊन देतो, मग आम्ही लपून काहीतरी करतोय असं का लिहायचं.

आता त्यांची जी तक्रार मला पटली ती. त्यांच्या सोसायटीत कुणीतरी ऑइल बदलून जुनं ऑइल पावसाळी गटारात ओतलं. हे वाचून खरंच वाईट वाटलं, चिडच आली, कारण आमच्याकडची ती गटारं सरळ नाल्याला आणि नाला पवना नदीला. त्या ऑइलमध्ये इंजिनाची झिजलेली धातू असते, काजळी असते, ते पाण्यावर तवंग धरतं आणि खालच्या माशांना हवा मिळत नाही. पण ओतणाऱ्याला दोन शिव्या देऊन विषय संपत नाही, कारण त्याच्यापुढचा प्रश्न माझ्याही पुढे आहे.

सफारीचं जुनं ऑइल पाच लिटरच्या कॅनमध्ये मावत नाही. चेंबरचा नट काढला की गरम काळी धार पडते, खाली जुना पत्र्याचा ट्रे, त्याखाली प्लायवूड, त्यावर लाकडाचा भुसा, फरशीवर थेंब पडू देत नाही. फिल्टर रात्रभर उलटा निथळत ठेवतो. मग ते सगळं गाळून मोठ्या कॅनमध्ये भरतो आणि झाकणावर तारीख घालतो. इथपर्यंत माझ्या हातात आहे. पुढे काय? वडील असताना ते ऑइल बिल्डिंगच्या साइटवर कुणी सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला मागून न्यायचं, गावाकडे कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून जायचं, तेव्हा आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही पण आता कळतं की तेही शेवटी मातीतच मुरतं. ओळखीचा गॅरेजवाला त्याच्या पिंपात ओतू देतो, पण त्याच्याकडून ते कोण नेतं आणि त्याचं काय करतं हे तोही सांगू शकत नाही. घंटागाडीत तर देताच येत नाही.

यावर मला एक सरळ गोष्ट सुचते आणि ती नवीन नाही, बॅटरीच्या बाबतीत आपण सगळे ती करतोच. नवीन बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, जुनी आणलीय का, आणि जुनीचे पैसे वजा करून बिल करतो. म्हणून गाडीची बॅटरी तुम्हाला कधी कचराकुंडीत पडलेली दिसत नाही. ऑइलचंही तसंच करा ना! पाच लिटरचा नवा कॅन घेताना जुन्या ऑइलचा भरलेला कॅन आणला तर पन्नास-शंभर रुपये कमी करा, बघा एक थेंब तरी गटारात जातो का. वापरलेल्या ऑइलची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेत, म्हणजे कायद्यात जागा आहे, ती फक्त दुकानाच्या काउंटरपर्यंत यायला हवी. आणि घरातल्या घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असं २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं, तर महापालिकांनी अशा केंद्रांवर ट्यूबलाइट आणि जुन्या औषधांच्या शेजारी एक झाकणाचं पिंप ऑइलसाठी ठेवावं. त्यासाठी जे काही पाच-दहा रुपये लिटरमागे घ्यायचे ते घ्या, आम्ही देऊ.

खंडेनवमीला आमच्या घरी वडिलांचे पाने, जॅक आणि ती डायरी पूजेला असते, झेंडूचा हार गाडीला असतो. ज्या माणसाने ते पाने हाताळायला शिकवलं त्याने हेही शिकवलं की काम झाल्यावर जागा होती तशी करून उठायचं. सोसायटीत माझ्या जागेवरची फरशी कुणीही येऊन बघावी, पत्रलेखकांनीही यावं, चहा घेऊ.

सध्या आमच्या जिन्याखाली असे तीन कॅन भरून ठेवलेत, झाकणावर तारखा आहेत, सर्वात जुना दीड वर्षापूर्वीचा. आपल्या वाचकांपैकी कुणाला पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यात रीतसर परवाना असलेला आणि घरगुती माणसाकडून थोडंसं ऑइल घेणारा रीसायकलवाला माहीत असेल तर कृपया याच सदरात कळवावं. येत्या रविवारी गाडीत घालून मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक नियमित वाचक,
चिंचवड, पुणे