बॅलन्स बोर्ड ठेवू कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला लहान मुलांच्या तोलाबद्दलचा लेख वाचता वाचता चहा गार झाला. लेख चांगलाय, नाही म्हणत नाही, पण शेवटी काय तर बॅलन्स बोर्ड, म्हणजे तोल सांभाळत उभं राहायची डुलती फळी, आणा, बिनपेडलची सायकल आणा. आणतो की, ठेवायची कुठे तेवढं पण छापायचं होतं, आमचा हॉल दहा बाय बारा.

माझा नातू साडेतीन वर्षांचा. सोसायटीच्या बागेला वीतभर रुंद विटांचा कठडा आहे, त्यावरनं चालायचं त्याला भारी वेड. आधी माझं बोट धरून, मग नुसता पदर धरून, आणि मागच्या आठवड्यात दोन्ही हात पसरून, जीभ बाहेर काढून एकटा सात-आठ पावलं गेला, तेवढ्यात वॉचमनची शिट्टी! दचकून पडलाच. वॉचमनचा काय दोष, कमिटीचा ठराव आहे. याच कमिटीने वाळूचा खड्डा बुजवून पेव्हर ब्लॉक बसवले, का तर वाळू लिफ्टमध्ये येते.

तिकडे शाळेचा डायरीत शेरा, 'पेन्सिलची पकड कच्ची, घरी सराव घ्यावा'. अहो साडेतीन वर्षांचं पोर पेन्सिल मुठीत नाही तर कशात धरणार? आधी खांदा-मनगट तयार होऊ दे, लोंबकळू दे, कणीक मळू दे, बोटं येतात मागनं. मी एकवीस वर्षं बालवाडी चालवली, साहित्य म्हणजे चिंचोके, शिंपले आणि फरशीवर खडूची रेघ, तिच्यावरून पाण्याचा पेला न सांडता चालायचं. बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं ते काय कॅटलॉग बघून?

जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय, तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसाला १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० तरी चांगली दमवणारी. आमची बाग संध्याकाळी उघडते ५ ते ७, हिशोब तुम्हीच करा, आणि त्यातही अर्धी जागा सीनियर सिटिझनच्या योगाला. (त्यात मीपण असते, कबूल.)

आणि हो, गेल्या रविवारच्या शब्दकोड्यात उभा ११ आणि आडवा १४ काही केल्या जुळत नाहीत, उत्तरंही छापली नाहीत, ते जरा बघा.

कठड्यावर आम्ही आता सकाळी साडेसहाला जातो, वॉचमनची ड्युटी बदलते तेव्हा. नाव छापू नका प्लीज, सेक्रेटरी तुमचाच पेपर घेतात.

एक आजी, डोंबिवली