सूचना: युबीसॉफ्टच्या शोकेसआधी

मंडळी, गेम कंपनी युबीसॉफ्टचा शोकेस (नव्या गेमची झलक दाखवणारा लाइव्ह कार्यक्रम) जवळ आला आणि ग्रुपवर आतापासूनच दोन तट पडलेत. गेमवरून खुशाल भांडा, पण बनवणाऱ्यांना शिव्या नकोत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या गेमचा रीमेक (नव्याने बनवलेली आवृत्ती) २०२० मध्ये जाहीर झाला, तेव्हा ट्रेलरची झालेली टिंगल तो बनवणाऱ्या युबीसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंतल्या आपल्याच पोरांना झेलावी लागली. २०२२ मध्ये ते काम कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. ते अजून मनाला लागतं.

नुसत्या ट्रेलरवर प्री-ऑर्डर करू नका. 'बियॉन्ड गुड अँड इव्हिल २'ची पहिली झलक २००८ ची आहे, गेम अजून आलेला नाही!

कॅलिफोर्नियात दुपार, तेव्हा बेळगावात मध्यरात्र. खानापूरकडच्यांना रेंजअभावी लाइव्ह बघता येत नाही, म्हणून सकाळी दहापर्यंत ग्रुपवर काही फोडायचं नाही. टिळकवाडीत एकत्र बघायला येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत नावं कळवा.