संध्याकाळी साडेपाचनंतर माझ्या आईकडे कोण पाहतं? : स्मृतिभ्रंश विभागाबद्दल तक्रार

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
ज्येष्ठ नागरिक निवास व स्मृतिभ्रंश काळजी विभाग,
पुणे

विषय : खोली क्र. २०७ मधील रहिवासी (माझी आई) हिची जून २०२५ पासून झालेली हेळसांड, घरच्यांना न कळवता सुरू केलेलं औषध, खुर्चीला बांधून ठेवणं आणि दैनंदिन नोंदवहीतल्या खोट्या नोंदी

महोदय,

माझी आई ७९ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तिने चौतीस वर्षं शिकवलं. २०२१ मध्ये तिला अल्झायमरचं निदान झालं. तीन वर्षं आम्ही तिला घरीच सांभाळलं. रात्री-अपरात्री ती दार उघडून बाहेर जायला लागली, तेव्हा १० जून २०२४ रोजी आम्ही तिला तुमच्याकडे आणलं. तीन लाख रुपये अनामत भरली. दरमहा ६२,००० रुपये भरतो, डायपर आणि औषधांचा खर्च वेगळा. आजवर एकाही महिन्याचे पैसे थकलेले नाहीत.

शाखेच्या व्यवस्थापकांना मी तीनदा भेटले, दोन ई-मेल पाठवले. "आपल्या भावनांची नोंद घेतली आहे" एवढंच उत्तर आलं. मी भावना कळवल्या नव्हत्या, तारखांसह घटना कळवल्या होत्या. म्हणून आता तुम्हाला लिहिते आहे.

आधी जे चांगलं होतं ते सांगते, कारण ते तुमच्याच इमारतीत, तुमच्याच पगारी माणसाने केलेलं काम होतं. प्रवेश अर्जात "काय हाक मारावी" असा एक रकाना होता. त्यात मी "बाई" असं लिहिलं होतं. आई शिक्षिका. गावात, शाळेत, बाजारात सगळे तिला बाईच म्हणायचे. आता ती स्वतःचं नाव विसरते, पण "बाई" म्हटलं की मान वर करते. पहिले अकरा महिने तिच्याकडे ज्या मावशी होत्या, त्यांनी तो अर्ज वाचला होता की माझ्याकडून ऐकून लक्षात ठेवलं होतं, कोण जाणे, पण त्या पहिल्या दिवसापासून तिला बाईच म्हणत.

या आजारात संध्याकाळ अवघड असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊन उतरायला लागलं की आई उठते. "दिवेलागण झाली, घरी कुणी नाही, मला जायला हवं," म्हणते आणि दाराकडे चालायला लागते. अडवलं तर रडते, कधी हात उगारते. मावशींनी यावर तोडगा काढला होता. साडेपाच वाजले की त्या तिच्यापुढे कापूस आणि वाटीत दोन चमचे दूध ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बाई, देवघरात वाती संपल्यात." मग आई बसायची. दुधाचं बोट लावून फुलवातीचं टोक वळायची, एकेक ताटलीत मांडायची. मला ओळखत नाही, पण वात अशी वळते की दोन वाती शेजारी ठेवल्या तर फरक दिसू नये. पाऊण तास, कधी तास जायचा. मग तुमच्या सामायिक देवघरात त्यातलीच एक वात लावून दोघी शुभंकरोती म्हणायच्या आणि आई जेवायला बसायची. तुमच्या माहितीपत्रकात टॅब्लेटवरच्या मेंदूच्या खेळांचं रंगीत पान आहे. माझ्या आईसाठी खरी काळजी त्या दूध-कापसात होती.

मे २०२५ च्या अखेरीस तुम्ही मदतनीसांचं काम एका ठेकेदाराकडे दिलं. मावशींना दुसऱ्या शाखेत पाठवलं. आम्हाला कुणी कळवलं नाही, आठ दिवसांनी भेटायला आले तेव्हा कळलं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आईकडे पाच मुली आल्या आणि गेल्या. त्या मुलींविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांतली एक मला म्हणाली, "दीदी, रात को हम दो हैं और बाईस लोग हैं." ती आदल्या सकाळपासून ड्युटीवर होती, तिचे डोळे मिटत होते. नर्सही दोन मजल्यांत मिळून एकच. शिवाय आईची हिंदी आता जवळजवळ गेली आहे. उशिरा शिकलेली भाषा आधी जाते, हे आम्ही घरीच पाहिलं. "आजी, बैठो, बैठो" असं तिला कुणी मोठ्याने म्हटलं की तिला वाटतं, कुणीतरी परकं माणूस ओरडतंय. आणि कापूस? "पसारा होतो, तोंडात घालतील," असं सांगून तो काढून टाकला होता. मग संध्याकाळी ती पुन्हा दाराकडे जायला लागली.

१४ ऑगस्टला मी न कळवता संध्याकाळी सात वाजता आले. आई हॉलच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत होती. कमरेभोवती ओढणी गुंडाळून मागे गाठ मारली होती. ती कुणाला तरी म्हणत होती, "सोडा ना हो, मुलं वाट बघत असतील." आजूबाजूला कुणी नव्हतं. गाठ मी सोडली. विचारल्यावर उत्तर मिळालं, पडू नयेत म्हणून बांधतो. किती वेळ बांधतात, कुणाच्या आदेशाने, याची नोंद मागितली तर तशी नोंदच नव्हती.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मी त्यानंतर वाचला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचा गंभीर बिघाडही येतो. कलम ९७ सांगतं की रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होणार असेल आणि दुसरा मार्गच नसेल तरच बांधता येतं, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि कारणाची नोंद करून. नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावं लागतं. आणि माणसं कमी आहेत हे कारण चालणार नाही, असं त्या कलमात स्वतंत्रपणे लिहिलं आहे. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना अशी संध्याकाळ माहीत असणार. या कायद्याखाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तुमच्या स्मृतिभ्रंश विभागाची नोंदणी आहे का? असल्यास क्रमांक लेखी कळवावा. नसल्यास का नाही, तेही कळवावं.

२७ ऑगस्टला गणपती होते. सकाळी साडेनऊला आईला घरी आणलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत सोडलं. तुमच्या फाटकावरच्या वहीत जाण्या-येण्याची वेळ आणि माझी सही आहे. दरवर्षी आरतीला ती टाळ्या वाजवते. शब्द गेले तरी ताल चुकत नाही. या वर्षी मान खाली पडलेली, तोंडातून लाळ. प्रसादाचा मोदक हातातच राहिला. आमच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी तुम्ही दोन दिवसांसाठी बरोबर दिलेली गोळ्यांची पुडी पाहिली. तीत संध्याकाळची एक गोळी आम्हाला नवी होती, क्वेटियापिन. ती ९ जुलैपासून चालू होती, हे नंतर तुमच्या औषधांच्या तक्त्यावरून कळलं. पन्नास दिवस माझ्या आईला मनोविकाराचं औषध दिलं जात होतं आणि तिच्या एकाही मुलाला फोन गेला नव्हता.

औषध कधीच देऊ नये, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं की क्वचित ते लागतं. पण या गटातल्या औषधांमुळे डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे. म्हणून आधी कारण शोधायचं असतं. दुखतंय का, पोट साफ होतंय का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, भूक लागली आहे का. तोंड उघडून पाहिलं तर हिरडीला जखमा होत्या. जुलैत आईची खालची कवळी हरवली होती. ती १९ दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या आजींच्या मगात सापडली आणि मधल्या काळात हिरड्यांनीच पोळी चावायला लावली होती. तिला बोलून सांगता येत नव्हतं, म्हणून ती ओरडत होती. ओरडते म्हणून गोळी. गोळीमुळे गुंगी, गुंगीमुळे जेवण कमी. मे महिन्यात ५३ किलो वजन होतं. २८ ऑगस्टला आमच्या डॉक्टरांच्या काट्यावर ४७ भरलं. तुमच्या वजनाच्या तक्त्यात जून, जुलै आणि ऑगस्टचे रकाने कोरे आहेत.

आता नोंदवहीबद्दल. सप्टेंबरमध्ये खूप पाठपुरावा केल्यावर मला आईच्या दैनंदिन नोंदींच्या प्रती मिळाल्या. २७ ऑगस्टच्या पानावर लिहिलं आहे : "दुपारचे जेवण पूर्ण घेतले. फिजिओथेरपी केली. मूड प्रसन्न." त्या दुपारी माझी आई माझ्या घरी कोथरूडला, गणपतीपुढे सोफ्यावर आडवी होती. म्हणजे त्या दिवशी ती इमारतीत नाही, हेही लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. ते पान वाचल्यावर मी बाकीची पानं पाहिली. जूनपासून रोज तेच अक्षर, तीच तीन वाक्यं, कवळी नसलेल्या १९ दिवसांतही "पूर्ण जेवण". मला सगळ्यात जास्त याने हादरवलं. बांधणं मी डोळ्यांनी पाहू शकले, गोळी पुडीत सापडली. पण मी नसताना माझ्या आईचं काय होतं, हे कळायला माझ्याकडे ही वही सोडून दुसरं काहीच नव्हतं. आई स्वतः सांगू शकत नाही. तिच्या वतीने बोलणारी वहीच खोटी निघाली.

तुमच्या निवासाला गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे, ते स्वागतकक्षात काचेत लावलेलं आहे. ते कशाच्या आधारावर मिळालं, असं मी विचारलं तेव्हा व्यवस्थापकांनी स्वच्छता, अग्निसुरक्षा, स्वयंपाकघर, सीसीटीव्ही ही नावं घेतली. ते सगळं लागतंच. जागा निवडताना मीही तेच पाहिलं होतं. सकाळी अकरा वाजता आले, बाग पाहिली, पकडायचे कठडे पाहिले, अंगणातली बाकं पाहिली आणि सही केली. ओळखीतली चार घरं आज अशीच जागा शोधत आहेत, ती मला विचारतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, तेव्हा विचारणारे वाढतच जाणार. मी त्यांना सांगते, सकाळी जाऊ नका. संध्याकाळी सहानंतर, न कळवता जा. बसलेल्या माणसांची नखं बघा, पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवलाय का ते बघा. मदतनीस त्यांना कोणत्या नावाने हाक मारतात ते ऐका. ती मदतनीस किती महिन्यांपासून आहे आणि रात्री किती जण असतात, हे तिलाच विचारा, कार्यालयात विचारू नका. वजनाचा तक्ता मागा. हे मला १० जून २०२४ ला कळलं असतं तर आई कदाचित तुमच्याकडे आली नसती. किंवा आली असती, त्या मावशींमुळे. हे मला खरंच ठरवता येत नाही.

सप्टेंबरमध्ये आमच्या विनंतीवरून मनोविकारतज्ज्ञांनी तपासून ती गोळी हळूहळू बंद केली. हिरडी भरली आहे, कवळी बसते आहे. वजन थोडं वाढलं आहे. आई पुन्हा टाळ्या वाजवते.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. ९ जुलैला आईला कोणत्या डॉक्टरांनी, किती वाजता तपासलं आणि औषध का लिहिलं, याची सही असलेली नोंद मला द्यावी. यापुढे कोणतंही औषध सुरू करण्याआधी किंवा मात्रा बदलण्याआधी मला फोन यावा. कुणालाही बांधणं तत्काळ थांबवावं, फक्त माझ्या आईला नव्हे. तिथल्या बाकीच्या एकवीस जणांपैकी कितीतरी जणांना भेटायला महिनोन्महिने कुणी येत नाही. रात्रपाळीला सध्या आहेत त्याच्या दुप्पट माणसं हवीत आणि एका मदतनिसाकडे किमान सहा महिने तेच रहिवासी ठेवावेत. नोंदवही कुणी आणि केव्हा भरली याची चौकशी करावी, पण सगळा दोष पंधरा हजारांवर राबणाऱ्या एखाद्या मुलीच्या माथी मारून ती मिटवू नये. त्या मावशींची संमती असेल तर त्यांना या शाखेत परत आणावं, त्यांच्या पगारातला फरक द्यावा लागला तरी. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांच्या शुल्कातला स्मृतिभ्रंश विभागाचा जादा आकार, दरमहा १४,००० प्रमाणे ४२,००० रुपये, परत करावा, कारण ज्या सेवेसाठी तो घेतला ती या काळात दिली गेली नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तक्रार दाखल करेन. फाटकावरच्या वहीचं छायाचित्र, २७ ऑगस्टच्या नोंदीची प्रत, औषधांचा तक्ता आणि आमच्या डॉक्टरांचा अहवाल या पत्रासोबत जोडला आहे.

दुसरी जागा मिळेपर्यंत आई तुमच्याकडेच आहे. घर बदललं की या आजारात माणूस किती खचतं हे माहीत असल्याने मी घाई करत नाही. १ नोव्हेंबरपासून मी रोज साडेपाचला येते. गेल्या बुधवारी सुरक्षारक्षकाने माझ्या पिशवीतला कापूस फाटकावर ठेवून घेतला, वरून तसे आदेश आहेत असं तो म्हणाला. आई तासभर दाराशी उभी होती. हा आदेश आजच मागे घ्यावा. त्यासाठी पंधरा दिवस थांबायची गरज नाही.

आपली,
खोली क्र. २०७ मधील बाईंची मुलगी