नीलमाची दूध-परीक्षा शास्त्रात कशासाठी आहे?

संपादक महोदय,

दुधाच्या वाटीत नीलम टाकायचा, दूध निळसर दिसले की खडा अस्सल, असे गिऱ्हाइकाला सर्रास सांगितले जाते. वर 'हे शास्त्रातच आहे' अशी पुस्तीही जोडतात. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत इंद्रनीलावर, म्हणजे नीलमावर, स्वतंत्र अध्याय आहे. शंभरपट दुधात ठेवल्यावर ज्याच्या रंगाने सारे दूध निळे होते तो 'महानील', असे तिथे म्हटले आहे. म्हणजे रंगाच्या गडदपणावरून ठरवलेली ही प्रत झाली. खऱ्याखोट्याची कसोटी त्याच अध्यायात निराळी आहे. काच, स्फटिक, वैदूर्य असे नीलमासारखे दिसणारे 'विजाती' वजनदारपणा आणि कठीणपणा यांवरून ओळखावेत. गडद निळी काचही दुधाला निळी झाक देते, तेव्हा वाटीतल्या दुधावर विसंबून पैसे मोजू नयेत.

वजनाची कसोटी आजही उत्तम चालते. खडा सुटा हवा, काटा मिलिग्रॅम दाखवणारा. ५ कॅरटचा खडा हवेत १ ग्रॅम भरतो. तोच बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून ०.७५ ग्रॅम भरला, तर घट ०.२५, १ भागिले ०.२५ म्हणजे ४, ही नीलमाची घनता. तेवढ्याच वजनाचा स्फटिक पाण्यात ०.६२ च्या आसपास भरेल. खड्याला बुडबुडा चिकटला तर घट जास्त दिसते आणि अस्सल नीलमही हलका ठरतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. कठीणपणा पाहण्यासाठी मात्र खडा कशावरही घासू नये, कडा दुखावतात.

कारखान्यात घडवलेल्या नीलमाचीही घनता ४च असते. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो: ज्योतीत वितळवून केलेल्या खड्यात वाढीच्या रेषा वक्र दिसतात, खाणीतल्या खड्यात सरळ.

याच अध्यायातला आणखी एक इशारा कुणी सांगत नाही. परीक्षेसाठी किंवा गुण वाढवण्यासाठी मणी आगीत घालू नये. आचेचा अंदाज चुकला तर मालक, तापवणारा आणि तापवून घेणारा, तिघांनाही अनर्थ. म्हणजे खडे तापवणे तेव्हाही ठाऊक होते. आज श्रीलंकेतले दुधी 'ग्यूडा' खडे १,५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून निळे करतात. आतल्या सुईसारख्या कणांतले टायटॅनियम विरघळून लोहाशी जोडी जमवते आणि रंग खुलतो. हा रंग टिकतो, व्यापारही मान्य आहे. पण न तापवलेल्या खड्याची किंमत कितीतरी जास्त असते. म्हणून बिलावर 'नैसर्गिक' एवढ्यावर न थांबता 'तापवलेला' की 'न तापवलेला' हे लिहून घ्यावे आणि महागड्या खड्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला मागावा.

– रत्नपरीक्षेचा एक अभ्यासक, पुणे