बोट खरचटेल की जाईल?

पुणे, रविवार

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

चार महिने तुला एक ओळही लिहिली नाही, याची लाज आहेच. पण मंगळवारी रात्री जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही. घरी सगळे ठीक, माझी शुगर आटोक्यात.

रोलर प्रेसच्या मॅन्युअलमध्ये हात अडकण्याच्या धोक्यासाठी मी 'कॉशन' लिहिले होते, कारण 'वॉर्निंग'ने गिऱ्हाईक बिचकेल असे डिझाइनवाल्यांचे म्हणणे पडले. कंपनीत टेक्निकल रायटर मी एकटाच, म्हणून रात्री साडेअकराला तो मजकूर आपल्या टेक्निकल रायटरांच्या ग्रुपवर टाकला. गुपित फुटू नये म्हणून प्रेसचा रसवंतीचा चरक केला. (हसू नकोस, गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे.) वीस मिनिटांत एका अनोळखी बाईंनी उत्तराऐवजी मलाच विचारले: बोट खरचटेल की जाईल? सकाळी मी तेच डिझाइनवाल्यांना विचारले. 'जाईल,' ते म्हणाले आणि गप्प झाले. एएनएसआय झेड५३५.६ या अमेरिकी मानकाप्रमाणे 'कॉशन' किरकोळ किंवा मध्यम दुखापतीपुरते, बोट जाण्याची शक्यता असेल तिथे 'वॉर्निंग', हे मी नवशिक्यांना शिकवतो! शिवाय माझी सूचना 'झाकण उघडा' या पायरीच्या खाली होती. ती वाचेपर्यंत हात आत गेलेला असणार, हेही बाईंनीच दाखवले.

तेव्हापासून एकच घोर लागला आहे, की असे उलटे प्रश्न विचारणारी माणसे उद्या भेटणार कुठे? १५ डिसेंबर २०२० रोजी याहू ग्रुप्स बंद झाले; त्यावरची आपली कित्येक वर्षांची भांडणे तर त्याआधीच पुसली गेली होती. मॅन्युअलमध्ये 'प्लीज' असावे की नाही यावरचे आपले दोन दिवसांचे युद्धही. (नसावे. आजही.) टेक्निकल रायटरांची अमेरिकेतली १९५३ पासूनची संस्था एसटीसी जानेवारी २०२५ मध्ये गुंडाळली गेली. नवी मुले चॅटबॉटला विचारतात; मीही विचारले, तर त्याने 'कॉशन'खालचे वाक्य छान घासूनपुसून दिले आणि बोटाचे नावही काढले नाही. आणि दोष कोणाला देऊ? मी इतकी वर्षे नुसते घेतच आलो. उत्तरे देणारा तू होतास, आणि तो एक तिरकस शेरा जिव्हारी लावून घेऊन निघून गेलास. शेरा मूर्खपणाचा होता, पण निघून जाणे त्याहून.

नव्या घराचे प्लॅस्टर झाले का? वेदाच्या दहावीचे कळव. वहिनींना नमस्कार.

एपीआयच्या (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीच्या) जुन्या आवृत्तीची मॅन्युअलमधली पाने ठेवावीत की काढावीत, असा एका मुलीचा प्रश्न ग्रुपवर तीन दिवस तसाच पडून आहे. तो तुझा विषय, मला त्यातले ओ की ठो कळत नाही. सोबत जोडला आहे. दोन ओळी लिही, प्लीज.

तुझा,
सुधीर