ताडपत्री दुपारीच, आसरा पहिल्या गडगडाटाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे आला की ‘झाडाखाली थांबलेल्या शेतकऱ्याचा वीज पडून मृत्यू’ ही बातमी आतल्या पानावर ठरलेली. तीत गाव असते, वय असते, पंचनामा झाल्याचे असते. पहिला गडगडाट ऐकू आल्यापासून वीज पडेपर्यंत किती वेळ गेला, हे मात्र नसते. जीव वाचवायचा तर त्याच वेळात.

वळवाचा ढग न सांगता येत नाही. मराठवाडा-विदर्भात चाळिशीपार तापलेल्या जमिनीवर समुद्राकडचे दमट वारे पोचले, की दुपारनंतर हवा वर उसळते. वरची हवा थंड असेल तर तिला अडवणारे काही उरत नाही. फुलकोबीसारखे गड्डे वाढत तासाभरात 12-15 किलोमीटर उंच होतात. साधारण पाच किलोमीटरच्या वर पारा शून्याखाली असतो. तिथे बारीक हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. गारांवर बहुधा ऋणभार चढतो, हिमकणांवर धन. हलके हिमकण झोताबरोबर माथ्याकडे जातात, जड गारा मधल्या थरात राहतात आणि ही फारकत वाढली की वीज कडाडते. ढगाचा माथा सपाट पसरू लागला, तर तो तयार झाला असे समजावे.

पावसाआधी सुटणारा गार वारा सुखाचा वाटतो, पण तो ढगातून खाली कोसळलेला झोत असतो. पडणारे थेंब कोरड्या हवेत सुकतात, हवा गार आणि जड होते, जमिनीवर आपटून चौफेर पसरते. त्यातच पत्रे उडतात. 13 मे 2024 ला घाटकोपरला असल्याच वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून 17 जण गेले. आणि शेतात नेमक्या याच क्षणी माणसे कडबा, हळद, कांदा झाकायला धावतात. क्रम इथेच चुकतो. गड्डे वाढताना दिसले की दुपारीच ताडपत्री टाकून, दोर आवळून मोकळे व्हावे.

गडगडाट साधारण 15 किलोमीटरपर्यंत ऐकू येतो आणि वीजही ढगापासून तेवढ्या लांब, पाऊस नसलेल्या जागी पडू शकते. म्हणजे ऐकू आला की आपण टप्प्यात आलोच. लखलखाट ते आवाज, तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा. अंतर 30 सेकंदांच्या आत आले तर बाहेर थांबायचे नाही. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास आतच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास पडलेल्या विजा दाखवते, पण शिवारात रेंज नसेल तर कानावर विसंबा.

आसरा म्हणजे पक्के घर किंवा काचा लावलेली, पत्र्याच्या टपाची चारचाकी. उघडा गोठा, मांडव, ट्रॅक्टर, मोटारसायकल यात येत नाहीत. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून बाजूच्या माणसावर उडी घेते, उरलेली जमिनीत पसरते. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून एका झाडाखालचा अख्खा कळप दगावतो. घरात असाल तर नळ, स्टार्टरची पेटी, चार्जिंगला लावलेला फोन यांना हात नको. (नुसता खिशातला मोबाइल वीज ओढतो, ही अफवा.) उघड्यावर अगदी अडकलातच तर तारेच्या कुंपणापासून आणि एकट्या झाडापासून दूर, टाचा जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका, घोळका करू नका. यानेही धोका फक्त कमी होतो, टळत नाही.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. काही जणांना एकदम लागली असेल, तर कण्हणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडे जा: श्वास थांबलेला असेल तर छातीच्या मध्यावर पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब, आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. मदत पोचेपर्यंत दाब थांबवू नका.

मे-जूनमध्ये हवामानाच्या चौकटीत ‘विजांच्या कडकडाटासह पाऊस’ याखाली तीस सेकंदांचा आणि अर्ध्या तासाचा हा नियम दोन ओळींत रोज छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर